कृष्णकमळ आणि रॉकेलचा डबा

सातवीत शाळा सोडून मी चंदगडहून कोल्हापूरला आलो आणि एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात हंगामी शिपाई म्हणून चिकटलो. कायम होणं विभागप्रमुख सरांच्या शिफारशीवर होतं, म्हणून सरांच्या घरची बागही मीच बघायचो. कुणी सांगितलं नव्हतं. पण न बघायची माझी छाती नव्हती.

बागेत कृष्णकमळाचा वेल होता. श्रावणात सरांच्या बायकोला, वहिनींना, पूजेला रोज ती फुलं लागत. वेलावर तांबूस, काटेरी अळ्या पडायच्या. "एक बी ठेवू नगंस," असं वहिनींनी बजावलेलं. मी रोज सकाळी त्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचो.

दुपारी सरांबरोबर कळंब्याच्या माळावर. तिथं गवतावर संथ उडणारं एक फुलपाखरू होतं, केशरी पंखांवर काळे ठिपके. त्याची अळी काय खाते ते सरांना हुडकायचं होतं. भुरभुर पावसात आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत पानं उलटायचो.

"गवतात राहतंय म्हंजे गवतच खात असणार की," मी एकदा म्हणालो.

"तू चंदगडात राहायचास, म्हणून नुस्ते काजूच खायचास व्हय रं?"

एका सकाळी वेलाशेजारच्या खिडकीखाली काळ्या रेघांचं पांढरट काहीतरी लटकलेलं दिसलं. घाण समजून पुसायला फडकं नेलं, तर ते उकललं. चुरगळलेले ओले पंख बाहेर आले, हळूहळू पसरले. केशरी. काळे ठिपके. माळावरचंच; सरांच्या पेटीत टाचणीला टोचलेलं होतं तसलंच.

मी आधी डब्याकडं बघितलं. फुलपाखरू हाकललं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण सरांचे गुडघे आठवले. हाक मारली.

सरांनी बराच वेळ बघितलं. "ह्या वेलावरच्या अळ्या कुठायत?"

"डब्यात."

"कसल्या?"

"रॉकेलच्या, सर."

"कधीपासनं?"

"आषाढापासनं."

वहिनी चहा घेऊन आल्या. "मीच सांगितलंय त्याला. तुमची पाव्हणी माझ्या वेलावर जेवायला बसत्यात, हे मला कोण सांगणार? तुम्ही कधी बागेत पाय ठेवलाय?"

सरांनी चहा घेतला.

त्याच दिवशी वेलाच्या मधोमध सुतळी बांधली. डावीकडचा वेल देवाचा, उजवीकडचा सरांचा. उजवीकडं मी सगळं बघितलं: पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका, कात टाकत वाढणारी अळी, मग तिचं उलटं लटकून कोष होणं. अळ्या सुतळी मानत नसत. डावीकडं शिरलेली उचलून मी परत उजवीकडं ठेवायचो.

शिफारशीत सरांनी लिहिलं, 'निरीक्षण चांगले.' मी कायम झालो. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. डब्याचा त्यात उल्लेख नाही.