घाटात मोडलेला आस

टेंभुर्णीच्या पुढे डांबर संपतं आणि खडी सुरू होते, तिथे आमची जोगेवाडी आहे. वाडीत कुणी नवा माणूस आला, मग तो तलाठी असो की मोबाईलच्या टॉवरचा मेकॅनिक, काकासाहेब वायाळ त्याला ओट्यावर बसवतात, चहा पाजतात आणि वाडी कशी वसली ते सांगतात. चहा अर्धा कप असतो. गोष्टीत मात्र कधी काटकसर होत नाही. लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंनी एकदा गोष्ट संपेपर्यंत अर्ध्या वाडीची पोरं पळून गेलेली पाहिली.

गोष्ट अशी. काकासाहेबांचा खापरपणजा हरबाजी हा मूळचा घाटाखालच्या भोनवाडीचा. मोठ्या दुष्काळात तिथल्या विहिरी आटल्या. घरात म्हातारी आई, थोरला भाऊ मानाजी, हरबाजी आणि त्याची बायको भागाई. आईला चालवत नव्हतं. तेव्हा ठरलं, मानाजीनं आईपाशी थांबायचं. हरबाजीनं बायको, गाडी आणि बैल घेऊन निजामाच्या मुलखात जायचं. तिकडे पडीक रान मिळत होतं. पहिलं पीक आलं की येऊन दोघांना घेऊन जायचं. हरबाजी इथे आला. पळस तोडले, बोरी खणून काढल्या, झोपडी घातली. त्या एका झोपडीची पुढे वाडी झाली.

पहिली ज्वारी आली. हरबाजीनं गाडीत पोती भरली आणि आईला, भावाला आणायला निघाला. काही दिवसांनी परतला तो रिकामी गाडी घेऊन. म्हणाला, घाटात गाडीच्या चाकांचा आस मोडला. ज्वारी देऊन सुताराकडून नवा बसवला. आता पुढच्या साली जाऊ.

पुढच्या साली विहीर खणायला काढली. त्याच्या पुढच्या साली पोरगं झालं. हरबाजी म्हातारा होऊन मेला, पण घाट काही उतरला नाही.

इथे ऐकणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, आणि तोच प्रश्न वायाळांच्या पाच पिढ्यांनी मनात गिळलेला आहे. नवा आस बसवला होता, तर गाडी पुढे का नेली नाही? माघारी का वळवली?

याचं उत्तर नसल्यामुळे वायाळांनी शिक्षा तेवढी करून घेतली. त्यांच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीच्या आधी दोन ताटं वाढतात, एक आईचं, एक मानाजीचं. घरातला वडील माणूस ताटांसमोर हात जोडून म्हणतो, "येतो न्यायला." मग पंगत बसते. एकदा एक भुकेला जावई चुकून त्यातल्या एका ताटावर जाऊन बसला. त्याला आता स्वतःला नातवंडं आहेत, तरी सासुरवाडीत त्याचं नाव मानाजीच आहे. आणि वाडीत कुणी कामाची टाळाटाळ केली, की लोक गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "का हो, आस मोडला का?"

काकासाहेबही हसतात. पण ते हसणं ओठांच्या खाली उतरत नाही.

वायाळ मंडळी काशीला जाऊन आली, रामेश्वराला जाऊन आली. जीपनं अडीच-तीन तासांवरच्या भोनवाडीला मात्र कुणी गेलं नाही. तोंड काय दाखवायचं? यंदा नात आकांक्षाचं लग्न ठरलं, तेव्हा काकासाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं, "मी भोनवाडीला चाललो. मानाजीच्या वंशाचं जे कोण असंल त्याचे पाय धरतो आन् लग्नाला घेऊन येतो. मी वर जायच्या आधी एवढं एक काम व्हाया पाह्यजे."

धाकटे भाऊ राधेश्याम यांचा घास हातातच राहिला. "दादा, बिलकुल जाऊ नका. ते म्हणतील, रानात आमचा हिस्सा द्या."

"देऊ."

"देऊ? तुमच्यातला द्या मंग!"

"अहो, आधी तिथं कुणी हाये का ते तर पाहा," काकासाहेबांच्या पत्नी प्रभावतीकाकू म्हणाल्या. "वाटणी करून राह्यले इथंच!"

गाडी सून शीतलनं चालवली. काकासाहेबांनी नवं धोतर नेसलं होतं. घाट लागला तसे ते वाकून रस्ता पाहू लागले. एका वळणावर म्हणाले, "शीतल, हळू घे. इथंच कुठं तरी मोडला असंल." शीतलनं गाडी इतकी हळू केली, की मागच्या ट्रकवाल्यानं दोघांचाही उद्धार केला.

भोनवाडीत वायाळांचं घर विचारलं, तर कुणालाच माहीत नाही. पारावरच्या माणसानं म्हटलं, जुनं काही विचारायचं असेल तर गोजरबाईकडे जा. गोजरबाई अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. काकासाहेबांपेक्षा वयानं मोठ्या, आणि आवाजानं तर फारच.

"वायाळ? नाही बाप्पा. या गावात वायाळ कोनीच नाही."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी नेहमीच्या सवयीनं गोष्ट सुरू केली. आई, मानाजी, दुष्काळ. गोजरबाईंचं सूप थांबलं.

"थांबा, थांबा. तुमी मोगलाईतले, निजामाकडले हा काय?"

"हो. तिकडचेच."

"मंग पाव्हण्याचे मानसं म्हना ना! चला माह्यासंगं."

गावाबाहेर कडुनिंबाखाली एक ओटा होता. ओबडधोबड काळ्या दगडांचा, हातानं रचलेला. त्यावर शिळी भाकरी होती आणि मुंग्या होत्या.

"याले मोगलाई पाव्हण्याचा ओटा म्हंतेत," गोजरबाई सांगू लागल्या. "माह्या सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं. दुष्काळात पटकीची साथ आली. इथं एक म्हातारी आन् तिचा पोरगा व्हता. दोघंबी एकाच हप्त्यात गेले. मानसं नव्हते उचलाले, आमच्याच घरच्यायनं उचललं. मंग सुगी झाल्यावर मोगलाईतून एक जन गाडी घेऊन आला. गाडीत जवारी. आईले न्याले आल्तो म्हने. त्याले सांगतलं, तं त्यानं समदी जवारी गावाले वाटून टाकली. मंग नाल्यातून एक एक गोटा आनला आन् हा ओटा बांधला. कोनाले हात लावू देल्ला नाही. आन् गेला. नवी जवारी आली की पयली भाकर आमी इथं ठेवतो."

काकासाहेब ओट्यापाशी खाली बसले. एका दगडावर हात ठेवला. शीतलला वाटलं, यांना चक्कर आली की काय.

"मामा, पाणी देऊ का?"

"आला होता गं," काकासाहेब म्हणाले. "आस मोडलाच नव्हता. बराबर इथपर्यंत आला होता."

मग ते उठले. खिशातली लग्नपत्रिका गोजरबाईंच्या हातात दिली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. गोजरबाई दोन पावलं मागे सरल्या.

"हे काय करता भाऊ? मी काही तुमची भावकी नव्हं."

"आमच्या माणसांना तुमच्या घरानं खांदा दिला. भावकी अजून काय वेगळं करती?"

गोजरबाईंनी पत्रिका उलटी-सुलटी करून पाहिली. "मले वाचता येत नाही. जेवन काय हाये, तेवढं सांगा."

संध्याकाळी जोगेवाडीत सगळे अंगणात वाट पाहत होते. काकासाहेबांनी सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत आले होते, पण आज त्यांना दोनदा थांबावं लागलं. सांगून झाल्यावर राधेश्यामकाकाच आधी बोलले, आणि तेही रागानं.

"मंग खोटं कशाला बोलला? एवढ्या पिढ्या त्याला आपुन आळशी म्हणलो, कपटी म्हणलो. माझ्या लग्नात मीबी म्हणलो. एका शब्दानं सांगून टाकायचं ना!"

उत्तर प्रभावतीकाकूंनी दिलं. त्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या, आणि मान वर न करता बोलल्या.

"गाडी अंगणात आली असंल. भागाईनं सासूला न्हायला पाणी तापवून ठिवलं असंल. ती पळत आली असंल अन् इचारलं असंल, आत्याबाई कुठंयत? त्या बाईसमोर काय बोलंल माणूस? म्हणला असंल, आज न्हाई आणता आलं, पुढच्या साली आणू. तेवढंच एक साल बिचारीला आशेचं. अन् मंग दरसाली तेच."

आकांक्षा आजीच्या शेजारी बसली आणि तीही लसूण सोलू लागली.

राधेश्यामकाका उठून गोठ्यापर्यंत गेले, उगाच बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि परत आले.

"दादा, त्या गोजरबाईंच्या घरचा नंबर घेतला का?"

"शीतलकडं हाये. का बरं?"

"त्या वयाची बाई एसटीनं येणार हाये का घाट चढून? लग्नाच्या आदल्या दिवशी मी जातो गाडी घेऊन." मग म्हणाले, "जल्दीच निघतो. पहाटे."