तीन दिवसांचं पथ्य

माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, कुठल्याही परीक्षेत नापास झालेला नव्हता. रक्तदाबाचीही तो परीक्षाच देत असे. वेस्ट विंडसरच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आली की आधीचे तीन दिवस लोणचं बंद, बातम्या बंद आणि गोळी वेळेवर. डॉक्टर खूश होत. मग गोळ्यांची बाटली सहा महिने कपाटात. रोज गोळी घेतली की शरीराला सवय लागते, असं तो मला समजवायचा. तो रसायनशास्त्रात पीएचडी. मी वाद घालत नसे.

गेल्या वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाने रक्तदाब जागृतीचा कार्यक्रम केला. संयोजक दादाच. फायर अलार्मच्या धास्तीने बॅटरीच्या पणत्यांचं दीपप्रज्वलन झालं. दादाला शाल मिळाली. पाहुणे मीठ कमी खाण्यावर पाऊण तास बोलले, आणि मागून बटाटेवड्यांचा वास येत राहिला.

पहिलं मोजमाप फोटोसाठी संयोजकांचं. वरचा आकडा एकशे शहाण्णव. पट्टा बांधणाऱ्या नर्स मुलीने पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

"काका, गोळ्या घेता ना रोज?"

"अगं, आधी तुझं मशीन तपास," दादा हसून म्हणाला. "हिचं घे बघू."

माझा नॉर्मल आला. म्हणजे मशीन ठीक होतं. पण जमलेल्या विद्वानांनी एकमताने ठरवलं की ते बिघडलंय, आणि सगळे वड्यांकडे वळले. मुलगी माझ्याकडे बघत होती. दादाची अपॉइंटमेंट चार महिने लांब आहे, हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होतं. पण त्याच्या खांद्यावर शाल होती. चारचौघांत त्याला नापास करणं मला जमलं नाही. घरी गेल्यावर बोलू म्हटलं, तेही राहिलं.

पाच आठवड्यांनी तो गॅरेजमध्ये कोसळला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, आता आहे ते असंच राहील.

वहिनी रोज सकाळी गोळी देते, तो मुकाट घेतो. रविवारी मी दाब मोजायला जाते. मशीन तेच, बिघडलेलं म्हणून मंडळाने आम्हालाच देऊन टाकलं होतं. परवा एकशे अठरा आला. मी आकडा त्याच्यासमोर धरला. त्याने तो नीट वाचला, मग माझ्याकडे बघत राहिला. मी पट्टा सोडून गुंडाळून ठेवला.