थरथऱ्यांची काकू

प्रयोगशाळेत सगळे त्यांना थरथऱ्यांची काकू म्हणत. काकूंचं काम किडे सांभाळण्याचं. किडे म्हणजे जेलीच्या ताटलीत जिवाणू खात वळवळणारे, जोडीदाराशिवाय एकट्यानेच अंडी घालणारे इवलेसे गोलकृमी. असल्या फालतू जिवांसाठी कुणी पगार देतं, हे काकूंच्या नणंदेला कधीच पटलं नाही.

त्यातला एक वाण मात्र न्यारा होता. त्यांच्या जनुकांत एक भटका तुकडा होता, भाडेकरूसारखा आज इथे तर उद्या तिथे. तो नेमका स्नायूंच्या जनुकात घुसून बसला होता, म्हणून ते किडे जन्मभर थरथरत. क्वचित एखादं अंडं तयार होताना तो तुकडा तिथून उठून जाई आणि त्यातलं पिल्लू झोकात सरळ सरपटे. त्या भटक्या तुकड्याचा अभ्यास करणाऱ्या मॅडम अशा पिल्लांची नोंद करून घेत. मग काकूंनी ती तारेच्या टोकावर उचलायची आणि ज्योतीत धरायची. कारण सरळ चालणारे भराभर खातात, भराभर वाढतात, आणि थरथऱ्यांना जागाच उरत नाही.

काकूंचा मुलगाही थरथरायचा. स्नायूंचं दुखणं, बापाकडून आलेलं. पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धा अंगावर. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते.

"आई, तुझे किडे बरे होतात का गं कधी?" त्याने एकदा विचारलं.

"होतात की! मी बघते ना रोज."

पोराचा चेहरा असा खुलला, की खरं काय ते सांगायला काकूंची जीभ रेटेना. मग दार उघडताच त्याचा तोच प्रश्न, "आज कोण बरं झालं?" अशा पोराची आई दुसऱ्या दिवशी तार ज्योतीत कशी धरणार? एका दुपारी आजूबाजूला कुणी नाही असं बघून काकूंनी एक सरळ चालणारं पिल्लू परत थरथऱ्यांच्या ताटलीत सोडलं. वेडी माया, दुसरं काय! मग आणखी एक सोडलं.

व्हायचं तेच झालं. गोठवून ठेवलेला साठा यंत्र बिघडून आधीच गेला होता. जगात तो वाण उरला होता तो काकूंच्या ताटल्यांतच. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काकू, हे सगळे सरळ चालतायत!"

काकूंनी सगळं सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या. त्यांची उमेदीची सगळी वर्षं त्या वाणात गेली होती.

"शोधा," त्या एवढंच म्हणाल्या. "एक जरी सापडला तरी वाण पुन्हा उभा करू."

काकू शोधत राहिल्या. मान आखडली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ताटलीमागून ताटली, सगळीकडे निरोगी किडे मजेत फिरत होते. काकूंना त्यांची शिसारी आली. थरथर रे, कुणीतरी थरथर, असं त्या पुटपुटत होत्या. आपण काय मागतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच भीती वाटली. तरी त्या मागतच राहिल्या.

शेवटच्या ताटलीच्या कडेला एक सापडला. उपाशी, रोडावलेला, पण पोटात अंडी होती. आणि तो थरथरत होता. काकूंनी श्वास रोखून त्याला ताज्या ताटलीत ठेवलं. मग बाकीच्या सगळ्या ताटल्या उचलल्या आणि स्वतःच्या हातांनी उकळत्या पाण्यात टाकल्या.

घरी मुलगा वाट बघत होता. "आज कोण बरं झालं?"

काकू त्याच्याजवळ टेकल्या. "कुणी नाही रे. एक थरथरणारा सापडला."

"मग तो होईल ना बरा?"

या वेळी काकूंना खोटं बोलवेना. "नाही, राजा. जो थरथरतो, तो तसाच राहतो. त्याच्या पिलांत एखादं बरं निघतं."

 त्याचे हात मांडीवर थरथरत होते.

"मग आई," तो म्हणाला, "उद्या त्याला नीट खायला घाल."