बसवलेली गाडी

आमच्याकडे बसणं हा शब्द फारसा शुभ नाही. पावसानं भिंत बसते, ओरडून घसा बसतो, चालता धंदा बसतो. म्हणून मुलगा ओट्यावर उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगू लागला, "गाडी दोन इंच बसवायची आहे," तेव्हा मी पिठाचे हात तसेच घेऊन देवापुढे गेले. गाडी घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि बसली!

आमच्या ह्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मुलगाही नानाच म्हणतो. ते बाजेवर पडून ऐकत होते. त्यांनी विचारलं तेव्हा मुलानं समजावून सांगितलं. गाडीच्या खालच्या स्प्रिंगा बदलायच्या, म्हणजे गाडी जमिनीजवळ येते. चाकं मोठी टाकायची, म्हणजे ती शोभून दिसते. धुळ्याला हायवेवर हे काम करणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा होता.

नाना उठून बसले. म्हणाले, "धंदा बसना हाई ऐकेल शे. पदरना पैसा दिसन गाडी बसाडतस, हाई आज ऐकं!"

"नाना, स्पोर्ट्स कार आहे ती. खालीच असते."

"मंग चाकं मोठी कसाले?"

मुलगा हसला. मला मात्र नानांचं पटलं. चाकं मोठी करून गाडी वर न्यायची आणि स्प्रिंगा बदलून ती परत खाली आणायची, म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून पाटाखालची जमीन खणण्यासारखं झालं.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. या गाडीचं त्याला शाळेपासून वेड. घेतली ती दुसऱ्याच्या हातची, पण लाल आणि चकचकीत. दोन दारं, पुढे दोन माणसं बसतील आणि मागे दोन पिशव्या. पुण्याहून एरंडोलजवळच्या आमच्या गावापर्यंत तो एकटाच आला. शेजारच्या सीटला त्यानं नवं कव्हर घातलं होतं आणि त्याच्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. गाडीला ओवाळून झाल्यावर मला म्हणाला, "आई, हे प्लास्टिक तू काढायचं. इथे पहिली तूच बसणार. आपण दोघं पद्मालयाच्या गणपतीला जाऊ."

मी मान हलवली. माझं बोलणं निम्मं मानेनंच चालतं. चौथीत असताना वर्गापुढे उभं राहून कविता म्हणायची पाळी आली, तेव्हा मला खरोखरचा ताप भरला होता. पुढे शाळाच सुटली, पण तो स्वभाव काही सुटला नाही.

अडचण गुडघ्यांची होती. खुर्चीवरून मी उठते. जमिनीवरूनही उठते. अर्धा जन्म जमिनीवर बसून गेला, त्यामुळे त्या उठण्याची रीत अंगात आहे. पण या गाडीत बसणं हा प्रकार वेगळाच दिसत होता. म्हणून एका दुपारी मुलगा झोपला असताना मी आधी एकटीच बसून बघायचं ठरवलं. कुणी पाहिलं तर निमित्त असावं म्हणून उडदाच्या डाळीचं ताट बरोबर घेतलं.

बसायला काहीच लागलं नाही. दार उघडलं, पाठ आत केली, आणि सीटनं मला ओढूनच घेतलं. गुडघे हनुवटीजवळ आले. उठायला गेले तर प्लास्टिक कर्रर्र वाजलं आणि मी होते त्याहून मागे घसरले. पुन्हा जोर केला, पुन्हा कर्रर्र. मग डाळ निवडत बसले. डाळ निवडून झाली. निवडलेली डाळ परत निवडायला घेतली तेवढ्यात शेजारची चुलत जाऊ आली.

"काय व अक्का, गाडीमा बशीसन दाय निवडी राहिनी?"

"आठे गार लागस," मी म्हणाले. गाडी उन्हात उभी होती.

तिला म्हटलं, हे ताट धर. तिनं हात पुढे केला तेव्हा ताट सोडून तिचं मनगटच धरलं आणि बाहेर आले. डाळ अंगणभर झाली. ती कुणाला काही बोलली नाही, पण त्यानंतर मला गाडीकडे जाताना पाहिलं की ती कामं सोडून ओट्यावर येऊन उभी राहायची.

आता ही गाडी आहे तशीच मला उतरू देत नाही, आणि मुलगा तिला दोन इंच आणखी खाली नेणार होता. त्याला सांगावं तर जीभ उचलेना. त्यानं प्लास्टिक माझ्यासाठी राखलेलं. रोज विचारायचा, "आज जायचं का पद्मालयाला?" मी कधी पापड वाळत घातलेत म्हणायचे, कधी पोट बरं नाही म्हणायचे. शेवटी एकदा तो पायरीवर माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "आई, तुला गाडी आवडली नाही का?" मी जोरानं मान हलवली. पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याला कळलं नसावं, कारण तो तसाच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चाकं निवडायला तरी चल धुळ्याला." मी म्हटलं, येते, पण एसटीनं येते. गाडीत मळमळतं. एसटीत मळमळत नाही का, हे त्यानं विचारलं नाही. नानांना गाडीतून जायचं होतं, पण सीट माझी. मी बसल्याशिवाय तिच्यावर दुसरं कुणी बसणार नव्हतं. तेव्हा लाल गाडी पुढे एकटी गेली आणि मागून आम्ही दोघं एसटीच्या दांड्याला धरून उभ्यानं धुळ्याला गेलो. नाना पारोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

गॅरेजच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत होते. तिथं भिंतीवर चाकं टांगलेली होती, भांड्याच्या दुकानात पराती टांगतात तशी. मुलगा एकेक दाखवू लागला. "आई, हे कसं वाटतं?" एक चाळणीसारखं होतं. एक झाऱ्यासारखं. एकात इतक्या बारीक काड्या की बघूनच माझी बोटं दुखली. एक होतं पाच जाड काड्यांचं, मधे मोकळं.

"हे," मी म्हणाले.

"का?"

"धुवायला सोपं."

उस्ताद हसला, पण मुलानं तेच घेतलं. त्यात सतरा इंची आणि अठरा इंची अशी दोन मापं होती. मुलाला अठराचंच हवं होतं. त्याचा मोबाइल उघडताच दिसणारं जे चित्र आहे, त्यातल्या गाडीची चाकं तेवढीच आहेत. नानांनी तर गावात आधीच सांगून ठेवलं होतं, पोऱ्या ट्रॅक्टरसारखी चाकं टाकतोय.

दुपारपर्यंत नव्या स्प्रिंगा बसल्या. स्प्रिंगेच्या नळीला आटे होते आणि त्यावर एक रिंग. ती फिरवली की गाडी वर किंवा खाली. उस्तादनं आधी एकच इंच खाली घेतली, अठराची चाकं लावली आणि म्हणाला, "रिकाम्या गाडीवर माप घेऊन फायदा नाही. नेहमी जो बसणार तो बसला पाहिजे. शेजारी कोण बसणार?"

मुलानं माझ्याकडे बघितलं.

"मावशी, वजन किती तुमचं?"

गॅरेजात दहाबारा माणसं असतील. मी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. नाना पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जवारीनं एक पोतं. वर पायलीभर."

त्यानंतर न बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी बसले. प्लास्टिक वाजलं. मुलगा दुसऱ्या बाजूनं चढला, चाक इकडेतिकडे वळवलं. उस्ताद खाली वाकून कान लावून ऐकत होता. "नाही घासत. बस. उतरा मावशी."

मुलगा उतरला. मी बसूनच राहिले.

"उतरा ना मावशी."

"बसते जराशी," मी म्हणाले.

मुलाचा चेहरा असा काही उजळला की मला रडू आलं. "आवडली ना आई? बस, बस, आरामात बस." त्यानं चहा मागवला. मी गाडीतच चहा प्याले. चहा संपला. रिकामा कप हातात धरून बसले. उस्ताद घड्याळाकडे बघत होता, मागे दुसऱ्या गाड्या थांबल्या होत्या. मी हळूच एकदा उठून बघायची, प्लास्टिक कर्रर्र वाजायचं, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मग मी कपात चहा असल्यासारखा कप तोंडाला लावायची.

शेवटी मी मुलाला म्हटलं, "माझ्यानं उठवत नाही." हवा भरायचं मशीन चालू होतं, त्याला काही ऐकू गेलं नाही. "काय?" तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. "काय म्हणतेस आई?" तेव्हा मात्र मी जिवाच्या आकांतानं ओरडले, आणि नेमकं त्याच क्षणी मशीन बंद झालं.

"माले उठता येत नही!"

रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानंही मान वळवली.

मुलगा दाराशी उकिडवा बसला. माझ्याकडे बघत राहिला. पापड, पोट, एसटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "म्हणून तू बसत नव्हतीस?" मी मान हलवली, आणि या वेळी ती त्याला कळली. तो उठला आणि उस्तादला म्हणाला, "जुन्या स्प्रिंगा टाका परत. काही बसवायचं नाही." सांगताना त्याची नजर त्या चाकांवरच होती.

"आधी तिले तरी काढा," नाना म्हणाले, आणि मला ओढायला दोन्ही हात पुढे करून आले. उस्तादही आला. त्याच्यामागे आणखी दोघं.

इतके परके हात बघितले आणि मला कुठून बळ आलं कुणास ठाऊक. "कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. "बठ्ठ्यांनी तोंड तिकडे करा."

आणि बठ्ठ्यांनी तोंड तिकडे केलं. उस्ताद, त्याचे कारागीर, टायर बदलायला आलेला ट्रकवाला, सगळे भिंतीकडे वळून उभे राहिले, आरतीला उभे राहतात तसे. माझ्या एका शब्दावर इतके पुरुष हलल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

मी पाय बाहेर काढले. जमिनीवरून उठते तशी उठायला गेले. तळहात टेकायचा, अंग वळवायचं, मग एक गुडघा. पण हात जमिनीला पोहोचेना. बोटं लागत होती, तळहात टेकत नव्हता. थोडक्यासाठी राहत होतं.

"नाना," मी म्हणाले, "तुमची चप्पल द्या."

"आते हाई काय नवीन?"

"वळू नका. मागे सरकवा."

नानांनी भिंतीकडे बघतच एका पायानं चप्पल मागे ढकलली. जाड, टायरच्या तळाची, नेहमीची. ती मी हाताखाली घेतली. तळहात टेकला, अंग वळलं, एक गुडघा, दुसरा गुडघा, आणि दाराला धरून मी उभी राहिले. लुगडं नीट केलं. "झालं," म्हणाले. सगळे वळले.

मुलगा रडवेला झाला होता. "चल आई, एसटीपर्यंत सोडतो. म्हणजे... चालत सोडतो."

मी मात्र चपलेकडे बघत होते. एवढे दिवस मी गाडी खाली जायला घाबरत होते. अडचण तर उलटी होती. गाडी ना खुर्चीएवढी उंच, ना जमिनीएवढी खाली. मला पुरेशी खाली गेलेलीच नव्हती.

"स्प्रिंगा राहू दे," मी मुलाला म्हणाले. "नानांच्या चपलेएवढी अजून खाली घे."

उस्तादनं चप्पल उचलली. टेप लावला. "इंचभर," म्हणाला. त्याला हसू आवरेना. "इतकी मापं घेतली मावशी, पण चपलेचं माप पहिल्यांदाच."

रिंगा फिरवल्या, गाडी इंचभर खाली आली. मी परत बसले. हात बाहेर सोडला तर तळहात सपाट जमिनीवर. उतरून दाखवलं. पण मुलानं चाक वळवलं तेव्हा आतून खर्र आवाज आला. उस्तादनं मान हलवली. मावशी शेजारी बसल्या आणि गाडी एवढी खाली असली की अठराचं चाक वर घासणार, म्हणाला. एवढी खाली हवी तर सतराचं चाक, अठराचं हवं तर गाडी परत इंचभर वर.

मुलानं त्या अठराच्या चाकावर हात ठेवला. त्याचं वेड त्याचं होतं, मी फक्त त्यातली धुवायला सोपी नक्षी निवडली होती.

"सतरा लावा," तो म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाला, "जुनं पंधराचं होतं. सतराही मोठंच आहे."

"मी गावले काय सांगू?" नाना म्हणाले.

"सांगा, चाक चपलेनं लहान केलं," मी म्हणाले.

पद्मालयाला आम्ही त्यानंतर दोन दिवसांनी गेलो. प्लास्टिक मी काढलं. फार दिवस त्याच्यावर राग होता, म्हणून फाडूनच काढलं. जागा नसल्यामुळे नाना मोटारसायकलवर पुढे. बरं झालं, कारण रस्त्यावर गतिरोधक फार. गाडी आता इतकी खाली की दोघं बसून पार होईना, पोट घासायचं. म्हणून गतिरोधक आला की नाना पुढे थांबून टोपी हलवायचे, मी उतरायचे, गाडी तिरपी होऊन हळू पलीकडे जायची, मी परत बसायचे. पहिल्या दोनदा मुलगा म्हणाला, "आई, तुला त्रास होतोय." मग त्याच्या लक्षात आलं की मी गतिरोधक दिसायच्या आधीच दार उघडून तयार असते.

देवळापाशी गाडी थांबली तेव्हा बरीच माणसं होती, आणि लाल गाडी बघून सगळी बघू लागली. मला पूर्वीसारखं आत दडून बसावंसं वाटलं. पण दार उघडलं, तळहात जमिनीवर ठेवला, अंग वळवलं आणि गुडघा टेकला. समोर हार विकणारी म्हातारी होती. मला तशी हात टेकून वाकलेली बघून तिला वाटलं, बाई गाडीतून उतरता उतरताच गणपतीच्या जमिनीला नमस्कार करतेय. तिनंही टोपली बाजूला ठेवून भक्तिभावानं हात जोडले. शेजारच्या दोघीतिघींनी जोडले.

मुलगा गाडीच्या पलीकडून बघत होता. हसू दाबून त्याचा चेहरा गाडीसारखा लाल झाला होता. मी उठायच्या आधी तेवढ्यात खरोखरचा नमस्कार करून घेतला.