दामले साहेबांचं खोडरबर

दामले साहेब नकाशा पाहायला बसले की आधी खोडरबर मागत. पेन्सिल त्यांना क्वचितच लागे. एकेका रेघेवर बोट ठेवून विचारत, "हे काय काम करतं?" उत्तराला जरा उशीर झाला की रेघ गेलीच. नवं राज्य झाल्यावर पुण्याहून येऊन त्यांनी घाटावरच्या गार बुलढाण्यात कचेरी थाटली आणि मी त्यांच्याकडे नकाशे काढायला लागलो. कचेरीचं तत्त्व भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं : 'जे काम करत नाही, ते नको.' त्या चौकटीला नक्षी होती. ती काय काम करते, हे विचारायची माझी छाती नव्हती.

तत्त्व चांगलंच होतं, नाही कोण म्हणतो? पण काम कशाला म्हणायचं हे साहेब एकटे ठरवत. कोनाडे गेले, खुंट्या गेल्या. एका वकिलांच्या घरातला देव्हारा गेला, मग वकीलही गेले. साहेब म्हणाले, "त्यांची तयारी नव्हती." आमची इमारत ज्याला सोसत नसे, त्याची तयारी नसे.

जळगाव जामोदच्या बाजूला, घाटाखालच्या एका गावाची शाळा आमच्याकडे आली. हेडमास्तरांनी एकच गोष्ट मागितली होती, वर्गांपुढे रुंद ओसरी. मी ती काढली. साहेबांनी नेमकं तिच्यावर बोट ठेवलं. बांधकाम करणारे किसन मिस्त्री तिथेच उभे होते. मी नकाशाचे कोपरे सरळ करत राहिलो, बोलले ते मिस्त्रीच.

"साहेब, तुमी घाटावर राह्यता. खाली उन्हाळ्यात भुईवर पाय ठेववत नाही. ओसरी नसली त पोरं बसतीन कुठी?"

"वर्गात. ओसरी काय काम करते ते सांगा."

"ओसरी नाही करत, हाव. तिच्यात माणसं करतात."

"माणसं रस्त्यावरही करतात," साहेब म्हणाले आणि ओसरी खोडली. रबराचा भुगा मी फुंकून टाकला. त्या फुंकरीची मला अजून लाज वाटते.

शाळा झाली. होळी सरली की वर्गांची भट्टी होई आणि मुलं पाट्या घेऊन पटांगणातल्या लिंबाखाली बसत. साहेब फोटो काढायला गेले, तेव्हा वर्ग रिकामे पाहून खूश झाले. लिंबाखालची मुलं मात्र फोटोत येत होती, म्हणून त्यांना उन्हात बाजूला उभं केलं. मी कॅमेऱ्याची पेटी धरून होतो.

पुढे गावानं किसन मिस्त्रींना बोलावून पत्र्याची ओसरी बांधून घेतली. साहेबांनी संतापून पत्र धाडलं, ही इमारत आता आमची नाही, आमच्या नावाचा दगड काढा. हेडमास्तरांनी दगड काढला आणि ओसरीत आडवा टाकून त्यावर पाण्याचा माठ ठेवला. आमच्या कचेरीनं त्या शाळेला दिलेली एवढीच कामाची वस्तू.

साहेब गेले ते वैशाखात. घर त्यांनी स्वतःच्याच तत्त्वानं बांधलेलं. बैठक नाही, अंगण नाही, दार थेट रस्त्यावर. पुण्याहून भाऊ येईपर्यंत थांबायचं होतं आणि आत चार माणसं धड उभी राहत नव्हती. लोक रस्त्यावर उन्हात ताटकळले. शेवटी शेजारच्या गिरणीवाल्यांनी आपली ओसरी झाडून दिली. साहेबांना तिथे आणून ठेवलं, आणि आम्ही सगळे भोवती सावलीत टेकलो.

किसन मिस्त्री आले. आता हे टोमणा मारणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्यांनी मारावा अशी माझी इच्छाही होती. त्यांनी एकदा ओसरीच्या कडेला पाहिलं, मग खाली वाकले.

"थोडं आत घ्या बे," ते म्हणाले. "साहेबाच्या पायावर ऊन येऊन राह्यलं."