फियाटचे मांगचे लाइट

अकोटात बसस्टँडमांगं कोनालेबी इचारा, देवमन मिस्त्रीचं दुकान कोनतं, लहान पोरगंबी बोट दाखवते. गाडीची वायर जळू द्या, हॉर्न बंद पडू द्या, मिस्त्रीनं हात लावला का गाडी बोलाले लागते. ते माहे मालक. आन् त्यायच्या बाजूले स्टुलावर जी बाई बसेल राह्यते ती मी, सुभद्रा. लोकायले वाटे, मिस्त्रीनबाईले घरी करमत नाई, नवऱ्यावर पहारा द्याले येते. वाटू द्या बाप्पा, लोकायच्या तोंडाले कोन हात लावते! खरी गोष्ट निराळीच होती. माह्या नवऱ्याले लाल रंग दिसत नाई.

मले हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं. अकोल्यावरून लाल लुगडं आनतो म्हनून गेले आन् शेवाळी रंगाचं घेऊन आले. वर हौसेनं म्हनतात, “नेस वं, लाल तुले शोभते.” मले वाटलं टिंगल करून राह्यले. तोंड पाह्यलं त पार भोळं. मंग हळूच इचारलं, तवा कबूल केलं. लाल, हिरवा, शेंदरी, सगळे त्यायले एकाच गावचे दिसतात. लहानपनी चित्राच्या तासाले मार खाल्ला, पन कोनाले सांगितलं नाई. आन् धंदा धरला कोनता? वायरिंगचा! आंधळ्यानं चष्म्याचं दुकान टाकाव तसं. मी कपाळाले हात लावला.

पन त्यायचे हात त्याच कामात रमत, त्याले कोन काय करनार? एका पाटलाची जीप दुरुस्त केली त ब्रेक दाबला का हॉर्न वाजे. पाटील गावभर पोंपों करत फिरला. त्या दिवसापासून मी दुकानात जाऊन बसली. वायर हातात घ्याची आन् रंग सांगाचा, पन असा का समोरच्या गिऱ्हाइकाले पत्ता लागू नये. मंग मी लुगड्याच्या गोष्टी लावल्या. “आमसुली लुगडं कसं होतं न?” म्हनलं का ह्यायनं समजाचं, भुरी वायर. पोपटी म्हनजे हिरवी. लाल म्हनजे लाल, आन् शेंदरी म्हनजे इंडिकेटरचा रंग, मारुतीच्या शेंदरासारखा. लोक म्हनत, मिस्त्रीनबाईले लुगड्यायचं भारीच याड हाय. मी मनातल्या मनात हासे. सारा संसार असाच चालला. भांडलोबी त लुगड्यावरून भांडलो असं लोकायले वाटे, खरं भांडन फ्यूजवरून राहे.

यंदाच्या हिवाळ्यात धर्मपाल गुरुजी त्यायची जुनी फियाट घेऊन आले. गुरुजी रिटायर मास्तर, तोंडात साखर. बजारात एका मालाच्या ट्रकानं रिव्हर्स घेतला आन् फियाटचे मांगचे दोन्ही लाइट चुराचुरा केले. गुरुजीनं अकोला पाह्यलं, अमरावती पाह्यलं, भंगारबी धुंडाळलं. तशी काच कोठीच भेटली नाई. त्यायची लेक माया अमरावतीले नोकरीले, तिच्याकडं गाडीनं जाचं होतं. मांगं लाइट नाई म्हनल्यावर कापसाच्या ट्रकानं कवा येऊन ठोकलं, सांगता येते का?

“गुरुजी, काहून धुंडाळता?” ह्यायनं म्हनलं. “मी घडवून देतो. एलईडीचे.”

माय वं, मानसाच्या आंगात काय हुरूप आला! एका बंद पडेल दुकानाची प्लास्टिकची पाटी आनली, आरपार दिसे अशी. तवा ठेवून गरम केली, जुन्या लाइटाचा तुकडा साचा म्हनून खालतं ठेवला आन् बोटं भाजत भाजत तिले फियाटच्या पाठीसारखा बाक देला. मंग भोकाभोकाच्या पट्टीवर एलईडीचे दाने बसवाचे, तीन-तीन दान्याची ओळ, दर ओळीले करंट आवराले एक रेझिस्टन्स, नाई त दाने जळतात. ब्रेकसाठी लाल दाने, इंडिकेटरसाठी शेंदरी. वरची पाटी बिनरंगाची, म्हनून लाइटाचा रंग तोच जो दान्याचा. आन् बंद असले का सारे दाने साबुदान्यासारखे पांढरे. पेटल्याबिगर रंग समजत नाई.

नेमकं त्याच वक्ताले अमरावतीहून फोन आला. आरती, आमची पोरगी, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मी हातातलं तसंच टाकलं आन् एसटीनं तिच्या सासरी गेली. नात झाली, गोरीपान, मुठी आवळून झोपनारी. मी तिच्यापायी सारं जग इसरली. तिकडं ह्यायच्या हातून दोन्ही पुड्या टेबलावर सांडल्या आन् लाल-शेंदरी दाने एकात एक झाले.

शेजारच्याले इचारलं असतं त त्यानं सांगितलं असतं. पन मंग गुपित फुटलं असतं. म्हनून ह्यायनं मले व्हिडिओ कॉल लावला. मी बाळंतिनीच्या खोलीत कानात ते बोंडं खुपसून बसली, हे दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. एकेक दाना पेटवाचा आन् इचाराचं, “हे लुगडं?” मी म्हनाचं, “लाल लुगडं.” “हे?” “शेंदरी.” आरती म्हनते, “आई, बाबाले येवढे लुगडे कोनाले घ्याचे हायेत?” मी म्हनलं, तू गुमान पडून राह्य.

दुसऱ्या दिवशी नातीले लाल कुंची घातली आन् ह्यायले दाखवाव म्हनून फोन धरला. पाहते त काय, फोनमंधी कुंची शेंदरी! उन्हात नेली त आनखीनच भलती. हातातली कुंची लालभडक आन् फोन आपल्या मनाचे रंग दाखवून राह्यला. आदल्या दिवशी मी जे जे सांगितलं, त्याच्यावर काय भरोसा?

लगेच फोन लावला. “अवो, फोनचे रंग खोटे हायेत! गाडी देऊ नका!”

तिकडून मोठ्यानं आवाज, “हो हो, लेकरू दूध पेते न? बरं बरं. गुरुजी आले हायेत, गाडी घेऊन चालले.” आन् फोन ठेवला. मंग किती येळ लावला, उचललाच नाई.

तुमाले सांगते, मले तवा दोन्हीकडून भेव वाटून राह्यलं होतं. गुरुजीनं ब्रेक दाबला आन् मांगच्याले वाटलं का इंडिकेटर हाय, त सत्यानाश. आन् ह्यायनं तोंड उघडलं, त दुकानाचा सत्यानाश. लालच दिसत नाई असा मिस्त्री कोनाले पाह्यजे? एक गाडी दारात येनार नाई. आन् दुकानाबिगर हा मानूस जगतच नाई. दिवाळीच्या दिवशीबी उगाच शटर वरतं करून बसते. मी नातीले मांडीवर घेऊन नुसती ‘गजानना, गजानना’ करत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत फियाटचा हॉर्न वाजला. मी नातीले घेऊन ओट्यावर आली. गुरुजी उतरले, आन् दुसऱ्या बाजूनं आमचे हे. बगलेत सोल्डरिंगच्या कहियाची थैली, तोंड मार खाल्लेल्या पोरासारखं. इवायाच्या घरी आले त टोपी तरी नीट घालाव! पन माह्याकडं पाहूनच नाई राह्यले. नातीची कुंची जरा बाजूले केली, तिच्या गालाले बोट लावलं आन् सीधे गाडीमांगं जाऊन बसले.

“काय झालं गुरुजी?” मी इचारलं.

“वहिनी, काल मी चावी फिरवली, गाडी काढली, त मिस्त्री समोर येऊन उभा!” गुरुजी सांगाले लागले. “टपरीवर सगळे चहा पेत होते. सगळ्यायसमोर म्हनते, गुरुजी, उतरा. मले लाल दिसत नाई. आजवर दुकानात जे काम झालं, ते सुभद्राच्या डोळ्यानं झालं. हात माहे, डोळे सुभद्राचे. आज सुभद्रा इथं नाई, म्हनून ह्या लाइटाची हमी मी देत नाई.”

आजवर ह्या मानसानं लोकायत मले ‘अवं’, ‘आयकतं का’ याच्या पलीकडं हाक मारली नवती.

“लोक काय म्हनले?” मी कसंबसं इचारलं.

“म्हनतात काय! मंग ते जीपवाले पाटील हासाले लागले, म्हने, आता समजलं माहा ब्रेक काहून बोंबलत होता! आन् म्हने, मिस्त्रीनबाई वापस आल्या का माही गाडी पयली लावजो. मी म्हनलं, मिस्त्री, मी सांगतो न रंग, बदलून टाक. त म्हनते, गुरुजी, तुमच्यावर इश्वास हाय, पन ते काम सुभद्राचं हाय. तिनं पास केल्याबिगर माहा हात चालत नाई. मंग काय, आज सकाळी बसवला गाडीत. हात दाखवत, दिवसाउजेडी हळूहळू आलो.”

जावयानं खिडकीतून करंटचा बोर्ड काढून देला, कहिया तापला. गुरुजीनं ब्रेक दाबला. मी नातीले जावयाजवळ देलं आन् वाकून पाह्यलं. लालच्या ओळीत मधात मधात शेंदरी दाने बसेल होते. गल्लीतले लोक जमले, इहीनबाई पदर सावरत दारात आल्या. पन ह्यायनं आवाज लहान केला नाई.

“सुभद्रा, हा कोनता?”

“शेंदरी. काढा.”

“हा?”

“लाल. राहू द्या.”

लुगड्याचं नाव घ्याची गरजच नवती. सरळ रंग सांगाचा, सगळ्यायच्या कानावर पडू द्याचा. माहा आवाज मलेच नवा वाटून राह्यला. हे एकेक दाना उचकटत होते, दुसरा बसवत होते, मी बोटानं दाखवत होती. इंडिकेटर लावून पाह्यला, निव्वळ शेंदरी; मंग गुरुजीनं पुन्हा ब्रेक दाबला. दोन्हीकडच्या ओळी काठोकाठ लाल.

“पास,” मी म्हनलं.

हे उठलेच नाई. उकिडवे बसूनच त्या लाइटाकडं पाहत राह्यले. मंग हळूच, फक्त मले आयकू येईन असं इचारलं, “कसा दिसते वं, लाल?”

उभ्या जन्मात त्यायनं हे कवा इचारलं नवतं. ज्यानं पाह्यलाच नाई त्याले काय सांगाव?

“काल टपरीवर चारचौघात माहं नाव घेतलं न तुमी?” मी म्हनलं. “आता गुरुजीच्या तोंडून ते आयकलं, त माहे कान तापले आन् लाजबी वाटली. तसा दिसते.”

ह्यायनं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं आन् म्हनलं, “मंग दिसते मले. तू स्टुलावर येऊन बसली का रोजच दिसते.”