आतोबांचे ओष्ठ्य

आमच्या आतोबांइतके दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारे गृहस्थ इंदूरच्या सगळ्या दातांच्या दवाखान्यांत मिळूनही सापडले नसते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मल्हारगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत ते इंग्रजी बोलण्याचे क्लास घेत. व्याकरण नंतर, आधी तोंड. इंग्रजीतलं कोणतंही व्यंजन तीन प्रश्नांत पकडता येतं, असं ते सांगत: हवा कुठे अडली, कशी अडली आणि गळा थरथरला का. मला अशी सुटसुटीत वाटणी आवडते, त्यामुळे बाकीचे नातेवाईक त्यांना टाळत तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची धरायची. ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे दारू हा फरक शिकवताना ते म्हणत, “दात खालच्या ओठावर टेकवलात तर वेल, ओठ नुसते गोल केलेत तर दारू. मांडवावर काय चढवायचंय ते आधी ठरवा.” सकाळी पोह्यांच्या ठेल्यावरही त्यांचं ‘थँक्यू’ जिभेचं टोक दातांत धरूनच निघे. एकदा ठेलेवाल्यानं काळजीनं विचारलं, “क्यों भिया, जीभ काय को दिखा रिये हो? मिर्ची ज्यादा हो गई क्या?” माझ्या लग्नात आमचे हे हौसेनं “फुलांचा हार” म्हणाले आणि त्यातला ‘फ’ इंग्रजी निघाला. आतोबा अक्षता मुठीत धरून पुढे आले. “जावईबापू, आपल्या फुलाला ओठ मिटावे लागतात. दात टेकवलात की त्याचा इंग्रजी मूर्ख होतो. गळ्यात काय घालणार आहात?”

पुढे आत्याला ऐकू येईनासं झालं. यंत्र तिच्या कानात कधी टिकलं नाही, आणि बायकोशी ओरडून बोलणं आतोबांना मंजूर नव्हतं. ते समोर बसून तिला ओठ वाचायला शिकवू लागले. पण प, ब, भ, म ही सगळी ओष्ठ्य मंडळी, म्हणजे ओठ मिटून निघणारी. बाहेरून पाहिलं तर सारखीच. आतोबांनी भात मागितला की आत्या माठाकडे बघे, नाहीतर उठून पाट आणी. “गळा बोलतोय का बघ, नाक बोलतंय का बघ,” असं म्हणत ते तिची बोटं आपल्या गळ्यावर, मग नाकावर ठेवत. पाहुण्यांसमोर जेवताना आत्या नवऱ्याचा गळा चाचपडते आहे हे दृश्य आमच्याकडे नेहमीचं झालं होतं. तिचं नाव प्रमिला. ते तिला ‘पमा’ म्हणत. “दोन्ही अक्षरांना ओठ मिटतात,” ते मला सांगत. “लांबून हाक मारली तरी हिला दिसते.”

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. आवाज राहिला, पण ओठांची एक बाजू लोंबली आणि वरचा ओठ खालच्याला भेटेना. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, “अंकल जी, ‘प’ बोलिए.” आतोबांनी खूप जोर केला. नुसती हवा गेली. ते माझ्याकडे वळले आणि जड जिभेनं म्हणाले, “ओष्ठ्य गेले. दंत्य आहेत, कंठ्य आहेत. ओष्ठ्य गेले.” क्लासात ते हसत हसत सांगत की ‘ओष्ठ्य’ हा शब्द म्हणायला ओठ मिटावेच लागत नाहीत. त्या दिवशी ते आठवून आम्ही दोघंही रडलो. आत्या शेजारीच बसून त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिच्या नावाच्या जागी “अआ” येत होतं, आणि तिला तेही दिसत नव्हतं. आम्हाला ते निदान अर्धे ऐकू येत होते. तिच्यापुरते ते मुके झाले होते.

मी कामाला लागले. व्यायामाच्या वेळा ठरवल्या, पातळ जेवणाची सोय लावली आणि त्यांचा हात चालत होता म्हणून एक पाटी आणली. आत्यानं ती परत माझ्या हातात दिली. “रहने दे गं. पाटी काय, कोणीही वाचेल.”

मग तिनं खुर्ची पुढे ओढली. एका हाताच्या चिमटीत त्यांचे ओठ धरून मिटवले आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. “हं, बोला.” तिनं चिमूट सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. पहिल्यांदा थुंकी उडाली. मग उडालं ते “पमा”च होतं. मला ऐकू आलं. आत्याची बोटं गळ्यावर क्षणभर थांबली. पहिल्या अक्षराला गळा गप्प, दुसऱ्याला बोलला. “बमा नाही म्हणालात ना?” तिनं दटावून विचारलं, आणि आतोबा अर्ध्या तोंडानं हसले. त्यानंतर रोज संध्याकाळी ती त्यांच्याकडून आपलं नाव असं म्हणवून घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात आतोबा गेले. आत्याचं सगळं नीट चाललं आहे, मी जातीनं बघते. हाका मारायला घरात माणसंही पुष्कळ आहेत. मुलगा-सून ‘आई’ म्हणतात, पुतणे ‘काकू’, नातवंडं ‘आजी’ आणि मी ‘आत्या’. परवा आरशासमोर उभी राहून या सगळ्या हाका मी मारून पाहिल्या. एकीतही ओठ मिटत नाहीत.